एक रेघ, तीन ठिपके

शेवटच्या रांगेत बसून मी हात वर केला, इथूनच सगळं बिघडलं. वय सत्तावीस, नोकरीला पाच वर्षं झालेली, घरी बायको आणि दहा महिन्यांचा मुलगा. आणि असा हा गृहस्थ तिसरीच्या पोरांमागं बसून बोट वर करतो. पुढं आमच्या हिंगणीच्या शाळेतले एक जुने गुरुजी जिल्ह्याचा नकाशा टांगून विचारत होते, "वर्धा नदी कोणत्या नदीले जाऊन मिळते?" मला तिथं बसवलं होतं ते त्यांचा पाठ पाहायला. मांडीवर वही होती, हातात पेन्सिल होती. पण गुरुजींनी ती नदी अशी काही वळणं घेत आणली होती की मी पेन्सिल विसरलो आणि तिसरीत जाऊन बसलो. गुरुजींनी सवयीनं वर झालेल्या हाताकडे बोट केलं. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "गोदावरीले!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी मागं वळली. "वैनगंगेले, गुरुजी," ती म्हणाली. धाकट्या भावाचं नाक पुसताना लावतात तसला सूर होता.

वर्ग हसला, गुरुजी हसले, मीही हसून घेतलं. हसले नाहीत ते एकटे साहेब. ते माझ्या शेजारीच सतरंजीवर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी आपल्या वहीत दोन ठिपके मांडले. एक त्या मुलीचा आणि दुसरा, माझ्या लक्षात आलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या, माझा.

साहेब म्हणजे आमच्या तालुक्याचे शिक्षणाचे विस्तार अधिकारी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मास्तरांचा वार्षिक अहवाल त्यांच्या हातात आणि बदलीची शिफारसही त्यांच्याच हातात. माझी बायको हिंगणीच्याच दवाखान्यात नर्स होती. म्हणजे साहेबांच्या पेनातून एक ओळ वाकडी उतरली की आमच्या घराचे दोन तुकडे व्हायचे: ती आणि पोरगा हिंगणीला, आणि मी कुठंतरी भाड्याच्या खोलीत स्टोव्हला पिन मारत. त्यामुळे साहेबांसमोर मी जन्मभर पुरेल इतका नम्र असायचो. नम्रतेनं माणसाचं डोकं चालत नाही, हे मात्र तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

साहेब कधीकाळी कुठल्याशा मोठ्या शहरात दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि येताना एक कल्पना घेऊन आले होते. तिला ते 'मॉडल' म्हणत. मॉडल असं की दर मास्तराला एक जोडीदार मास्तर द्यायचा. एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मागं बसून पाहायचं. मास्तर बोलला की वहीत एक रेघ. पोरगं बोललं की एक ठिपका, आणि ठिपक्यापुढं ते पोरगं काय बोललं ते शब्द जसेच्या तसे. तास संपल्यावर जोडीदारानं उपदेश करायचा नाही; वही पुढं ठेवायची आणि विचारायचं, "काय दिसते?" बस्. बाकी मास्तर स्वतःच सुधारतो.

"एका रेघेमागं तीन ठिपके," साहेब सांगत. "इतकं जमलं का मास्तर पास. नवा गोऱ्हा गाडीले कसा शिकवतेत? जुन्या बैलाच्या जोडीनं जुपतेत. जुना बैल काई भाषण देते का त्याले?"

कल्पना वाईट नव्हती. आज केस पिकल्यावर म्हणतो, फार चांगली होती. पण ती साहेबांच्या तोंडून यायची, ही तिची अडचण होती. कमी बोलण्याचं महत्त्व हा त्यांचा आवडता विषय आणि त्यावर ते तीन-तीन तास बोलायचे.

माणूस उंचापुरा, सहा फुटाच्या वर. सायकलवरून यायचे तर लांबून सायकल दिसायची नाही, पायजमाच नुसता हलत येताना दिसायचा. कॅरिअरला पत्र्याची पेटी, तिच्यात मॉडलची फाईल. ती फाईल त्यांनी सात वेळा नव्यानं लिहिली होती आणि दर वेळी सायक्लोस्टाईल करून जांभळ्या शाईच्या प्रती वाटल्या होत्या. वर्गात खुर्ची दिली तर घ्यायचे नाहीत. पोरांत, खाली, सतरंजीवर मांडी. गुडघे कानापाशी आलेले, आणि पुढचं एखादं पहिलीतलं पोरगं मान वर करून त्यांच्याकडं झाडाकडं बघावं तसं बघतंय. खिशात तीन पेन्सिली, तिन्ही तासून टोकदार. एक मोडली तर दुसरी, दुसरी मोडली तर तिसरी. तिसरी मोडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आणि त्यांना स्वतःला वर्गात उभं राहून शिकवतानाही कोणी पाहिलेलं नाही. सतरा वर्षांपूर्वी शिकवायचे म्हणतात. त्याचा साक्षीदार काही मला भेटला नाही.

मास्तर लोकांनी मॉडलचं जे करायचं ते केलं. एका शाळेत एका पठ्ठ्यानं तासभर सत्तावीसचा पाढाच म्हणून घेतला. वहीत ठिपकेच ठिपके, पान गोवर आल्यासारखं. साहेबांनी फाईलमध्ये दुरुस्ती केली: पाढा कितीही मोठा असो, ठिपका एकच. मग दुसऱ्या एकानं पोरांना शिकवून ठेवलं, मी थांबलो की सगळ्यांनी "हो गुरुजी" म्हणायचं. साहेबांनी पुन्हा दुरुस्ती केली: "हो गुरुजी" हा ठिपका नाही. अशानं फाईल फुगत गेली.

मॉडल मुख्याध्यापकांनाही लागू होतं. मुख्याध्यापकानं हुकूम सोडला की रेघ, मास्तर बोलला की ठिपका. आमचे हेडमास्तर म्हणजे दोन वर्षांत रिटायर होणारा, पानाचा तोबरा भरलेला सज्जन. पहिल्याच सभेत त्यांच्या खात्यात एकसष्ट रेघा आल्या आणि ठिपके दोन. त्यातला एक "पंखा लावू का?" हेडमास्तरांनी मनाला लावून घेतलं. पुढच्या सभेपासून त्यांनी बोलणंच बंद केलं. नुसतं बोट करायचे. बोट खिडकीकडे: बंद करा. बोट हजेरीपटाकडे: भरा. बोट माझ्याकडे: तुम्ही. काय मी, ते कळायला अर्धा तास जायचा. वहीत एकही रेघ नाही. साहेब दोन दिवस विचारात पडले आणि तिसऱ्या दिवशी मॉडलमध्ये नवी खूण आली. बोटासाठी फुली.

एकदा आम्हा आठ-दहा मास्तरांना घेऊन साहेब बोरच्या धरणावर गेले. सकाळची वेळ. पाण्याच्या कडेला एक बगळा एका पायावर उभा. साहेब हळूच म्हणाले, "पाहा. बोलून राह्यला का थो? पण मासोळी कोण धरते?" आम्ही पाहिलं. खरंच देखणं दृश्य होतं. तेवढ्यावर थांबले असते तर आम्ही जन्मभर त्यांचे शिष्य झालो असतो. पण साहेबांना शांततेचे फायदे सुचत गेले. चौथ्या फायद्याला बगळा उडाला. सातव्याला समोरच्या झाडावरचे पोपट गेले. साहेब रिकाम्या पाण्याकडे हात करून बोलतच होते.

शेजारचे गुरुजी माझ्या कानाशी लागले, "आता मासोळ्याबी जातीन."

आम्ही मागून त्यांना हसायचो आणि पुढून "हो साहेब" म्हणायचो. कोणी त्यांना एकदाही सांगितलं नाही. सगळ्यांच्या बदल्या त्यांच्या टेबलावर होत्या.

त्यांना रिटायर व्हायला आठ महिने राहिले आणि साहेबांना घाई झाली. त्याआधी मॉडल जिल्ह्यानं उचलावं, निदान आणखी एका तालुक्यात तरी चालावं, एवढी एकच इच्छा. त्यासाठी आमच्याच शाळेत दोन दिवसांचं शिबिर ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याहून मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, स्वतः येणार होते. साहेबांनी महिनाभर आधीपासून झोप सोडली, आणि आमचीही सोडवली.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांचं भाषण सुरू झालं. विषय: 'वर्गात शिक्षकाचे मौन'. चाळीसेक मास्तर सतरंज्यांवर. मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, मांडीवर निरीक्षणाची वही. आता सांगतो ते खरं आहे, शपथ घ्यायला लावा: मी काही टवाळी म्हणून केलं नाही. वर्षभर माझ्या हाताला एकच वळण लागलं होतं. पुढं कोणी बोलू लागलं की हात आपोआप रेघ ओढायचा. वहीच्या शेवटच्या पानांवर मी ओढत गेलो. वाक्याला एक रेघ. मध्येच केव्हातरी महादेव शिपाई दारात आला आणि त्यानं काही विचारलं. हातानं ठिपका दिला आणि नियमाप्रमाणे पुढं शब्दही लिहिले. दोन वाजता भाषण संपलं तेव्हा चौदा पानं भरली होती; सवयीनं कोपऱ्यात वेळही टाकली, अकरा ते दोन. मी वही मिटली आणि जेवायला पळालो.

साडेतीनला मोठे साहेब आले. साहेबांनी आज्ञा केली, "नमुन्याच्या वह्या टेबलावर मांडा." मास्तरांनी मांडल्या. मीही मांडली. माझं अक्षर बरं म्हणून माझी सगळ्यात वर.

मोठ्या साहेबांनी ती उचलली आणि मागच्या बाजूनं उघडली. वह्या मागून का उघडतात लोक, मला अजून कळलेलं नाही.

एक पान उलटलं. दुसरं. पाचवं. "हा कोणाचा पाठ?" त्यांनी विचारलं. "तीन तास एकटा मास्तरच बोलून राह्यला! हे काय मॉडेल तुमचं?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, कोण्या गाढवानं ऐन वेळी नाक कापलं. ते आमच्या रांगांवरून नजर फिरवू लागले आणि ती माझ्यापाशी आली. मी उठलो. का उठलो? साहेबांना वाचवायला, असं पुढं बरीच वर्षं मी सांगत आलो. खरं म्हणजे खरं सांगायची छाती नव्हती.

"माझाच पाठ साहेब," मी म्हणालो. "जोडीदारानं निरीक्षण केलं."

"वर्ग कोणता?"

"चौथी."

मोठे साहेब आणखी पानं उलटत गेले. नवव्या पानावर थांबले. चष्मा कपाळावर नेला आणि मोठ्यानं वाचलं, "ठिपका एक. 'च्या आणू का सायेब, का जेवूनच घेता?'" मग माझ्याकडे पाहिलं. "चौथीचं पोरगं हे विचारते तुम्हाला?"

सभेत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मध्ये पडला तो महादेव. दारातून दोन पावलं पुढं आला, छाती काढून म्हणाला, "मीच इचारलं होतं सायेब! आपले सायेब भाशन देऊन राह्यलते तवा. त्यायनं काई उत्तर देल्लं नाई."

आधी मोठे साहेब हसले. मग चाळीस मास्तर हसले, वर्षभराचं साचलेलं. मी खाली मान घालून उभा होतो; तरी मला आमचे साहेब दिसत होते. त्यांनी वही हातात घेतली होती. एकेका पानावरून बोट फिरवत होते, सावकाश, पहिलीतलं पोरगं अक्षर लावतं तसं. चौदा पानं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते "मांडा".

जाताना मोठे साहेब म्हणाले, "पण पद्धत पक्की आहे हो तुमची. ज्यानं काढली त्यालाही सोडत नाही. आष्टीच्या बाजूला चालवून पाहू. एक माणूस द्या तिकडं."

साहेबांची इच्छा पुरी झाली. आणि माणूस म्हणून कोणाचं नाव जाणार, हे शाळेच्या भिंतीलाही कळलं होतं. आठवड्यानं तालुक्याच्या कारकुनानं निरोप दिला: "साहेबायनं तुमची शिफारस लिहून ठेवली. 'निरीक्षणकार्यात निष्णात.' आष्टी. सोमवारी वर्ध्याले जाते."

आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एसटीनं अर्धा दिवस. हे बक्षीस होतं की सूड, यावर मास्तर लोकांत दोन पक्ष पडले. मी दोन्ही पक्षांत होतो. घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. बोरच्या बगळ्यापासून सांगितलं. तिनं तोवर पोराला दूध पाजलं, भाकरी टाकल्या, उद्याच्या फेरीच्या सुया उकळल्या. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "शनिवारी जाऊ त्यायच्या हापिसात."

शनिवारी एसटीनं तालुक्याच्या गावी गेलो. ऑफिसच्या व्हरांड्यात मी केसांवरून हात फिरवला आणि घसा साफ केला. तिनं पोराला कडेवर घेतलं.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुमी आले का बोलसान."

ती आत गेली. मी खिडकीखाली बाकावर बसलो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग साहेबांचा.

"या बाई, बसा. मास्तरायनं पाठवलं का? ...बदलीबद्दल आल्या असान. पाहा, आष्टी म्हणजे काई काळं पाणी नाई." थांबले. आतून काहीच नाही. "मोठी संधी हाय मास्तरायले. माह्यासारख्याले कोणी देल्ली असती तं पळत गेलो असतो मी." पुन्हा काही नाही. "तुमाले वाटत असन, मी राग काढून राह्यलो. राग कायचा? खरं तेच लिवलं त्यानं. ...आता चाळीस मास्तरासमोर जरा... माणूस हाय मीबी. पण राग नाई."

पोरानं 'ग्गा' असा काहीतरी आवाज काढला.

"किती महिन्याचा? ...दात आले दिसते." खुर्ची कुरकुरली. "पोरगं लहान हाय हे मले मालूम नोयतं असं नाई. मालूम होतं. पण सरकारी नोकरीत हे असंच राह्यते बाई. माह्यंच पाहा. बावीस वर्षं झाले खोलीवर राहून. बाई माही समुद्रपूरकडं, शेतीवर. पोट्टे तिथंच मोठे झाले. मी सुटीत जातो तं उठून उभे राह्यतेत, साहेब आल्यासारखे. दोन दिवस कोणी बोलत नाई. बोलाचं काय, हेच सुचत नाई त्यायले. मंग मीच बोलतो."

मी इकडं बाकावर बसून बुटाच्या टोकानं धुळीत रेघा ओढत होतो. त्या वाक्यापाशी पाय थांबला.

तेवढ्यात दार लोटून ऑफिसचा शिपाई डोकावला. "च्या आणू का, सायेब?"

"आण," साहेब म्हणाले. "बाईसाठी पयले आण."

मग टेबलाचा खण उघडल्याचा आवाज, आणि कागद फाटल्याचा. एकदा. मग त्याचे आणखी दोन.

साहेब दारापर्यंत आले. माझ्याकडे बघितलं, धुळीतल्या रेघांकडे बघितलं. मला वाटलं, आता तासभराचं भाषण. पण त्यांनी नुसतं बोट केलं, आधी माझ्याकडे आणि मग एसटी स्टँडकडे, आणि आत निघून गेले. मॉडलप्रमाणे फुली.

पुढची गोष्ट थोडीच आहे. आष्टीला दुसरा कोणी गेला आणि तिथून लवकरच परत आला. साहेब उन्हाळ्यात रिटायर झाले. निरोपसमारंभाला उठून म्हणाले, "मले काई बोलाचं नाई," आणि दोन तास बोलले. मी शेवटच्या रांगेतच होतो. वही नेली नव्हती. फाईलच्या सातही आवृत्त्या आमच्या शाळेच्या कपाटात बरीच वर्षं होत्या. नंतर त्यांच्या कोऱ्या बाजूंवर नव्या हेडमास्तरांनी परीक्षेचे पेपर काढले. पण एक सांगतो, आजही वर्गात उभा राहिलो की मागच्या कोपऱ्यात कोणी पेन्सिल धरून बसलंय असं वाटतं. मी जरा थांबतो. आणि एखादं पोरगं बोलतं.

त्या शनिवारी परतीच्या एसटीत खिडकीजवळ ती, मांडीवर झोपलेलं पोरगं. मला राहवेना.

"अवं, पण तू बोलली काय त्यायले?"

"काई नाई."

"काईच नाई? एक शब्द नाई?"

"नाई."

"अर्धा घंटा नुसती बसून राह्यली? जमलं कसं तुले?"

तिनं पोराच्या डोक्यावरून पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चार वर्षं झाले तुमच्यासंगं संसार करून राह्यली. सवय हाय."